जुना ६ इंची डॉब्सोनियन टेलिस्कोप (दुर्बीण): आरशांना नवं कोटिंग द्यायचं की सरळ ८ इंची घ्यायचा?

तापीकाठ
राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत १५० मिमी (६ इंची), एफ/८ (फोकल लांबी आरशाच्या व्यासाच्या आठपट) न्यूटोनियन, म्हणजे आरशाचा टेलिस्कोप, पडून आहे. हाताने घासलेला आरसा, पीव्हीसी पाइपची नळी, प्लायची डॉब्सोनियन (हाताने ढकलून फिरवायची) बैठक. मुख्य आरशावर धुळीचं किटण आणि कडेला पांढुरके डाग आहेत. अंधारात मागून टॉर्च धरला तर पन्नासेक बारीक भोकं चमकतात. ३२ मिमीचा दुय्यम आरसा (प्रकाश बाजूला वळवणारा छोटा) मधोमध निस्तेज झालाय. रॅक-पिनियन फोकसर (आयपीस आत-बाहेर सरकवायचा भाग) डुगडुगतो. आयपीस, म्हणजे डोळ्याकडची भिंगं, दोन: २० मिमी हायगेन्स आणि १० मिमी केलनर प्रकारची. बैठक ढकलली की आधी अडते आणि मग उडी मारते.

वापर मुख्यतः मुलांना चंद्र, गुरू, शनी दाखवायला. वर्षातून एक-दोनदा तोरणमाळ किंवा पाल या सातपुड्यातल्या डोंगरी ठिकाणी न्यायचा विचार आहे. नव्या ८ इंचीपुरते पैसे कसेबसे जमतील, पण मग पुढची चार-पाच वर्षं या कामाला छदामही मिळणार नाही. काय करावं?

सातपुडा२१
तापीकाठ भाऊ, काच आणि कोटिंग या दोन गोष्टी वेगळ्या धरा. काचेला दिलेला आकार वीस वर्षांत बिघडत नाही. बिघडतो तो तिच्यावरचा जेमतेम १०० नॅनोमीटरचा ॲल्युमिनियमचा थर. म्हणून आधी काच चांगली आहे का ते बघा.

टॉर्चच्या भोकांना घाबरू नका. पन्नास सूक्ष्म भोकांचं एकूण क्षेत्रफळ नगण्य असतं. नुकसान होतं ते सगळीकडे पसरलेल्या निस्तेजपणाने. ताजं ॲल्युमिनियम साधारण ८८ टक्के प्रकाश परत पाठवतं, म्हणजे दोन आरशांनंतर ७७ टक्के उरतो. दोन्ही आरसे ७५ टक्क्यांवर घसरले असतील तर हातात ५६ टक्के. हा फरक ०.३५ प्रतीचा (प्रत म्हणजे ताऱ्यांच्या तेजाचं माप). ६ वरून ८ इंचांवर गेलात तर मिळतात ०.६२ प्रती. म्हणजे नुसत्या कोटिंगने मोठ्या आरशाच्या निम्म्याहून अधिक लाभ पदरात पडतो.

आता धुलाई. बोअरचं पाणी आरशाला लावू नका. आपल्याकडचं पाणी जड, वाळलं की क्षारांचे ठिपके राहतात. बॅटरीच्या दुकानातून ५ लिटर डिस्टिल्ड वॉटर आणा. आरसा सेलमधून (त्याला धरणाऱ्या चौकटीतून) काढा, आधी नुसत्या पाण्याच्या धारेने धूळ वाहून जाऊ द्या. मग भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकलेल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. सर्जिकल कापसाचा बोळा पाण्याखाली मधून कडेकडे एकदाच ओढायचा, बोटाचा दाब शून्य, बोळ्याचं वजन पुरे. प्रत्येक फेरीला नवा बोळा. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने खळखळून घ्या आणि आरसा जवळजवळ उभा ठेवून वाळवा. काच पुसायचे निळे फवारे, फडकं, फुंकर यांतलं काहीही नको.

परत बसवताना तीन क्लिपा घट्ट आवळू नका. क्लिप आणि काच यांच्यात पोस्टकार्ड सरकलं पाहिजे. आवळल्या की तारा तिकोनी दिसतो आणि माणूस उगाच काचेला शिव्या देतो.

केळीबाग
माझं मत थोडं वेगळं. ८ इंची एफ/६ ची फोकल लांबीसुद्धा १२०० मिमीच असते. नळी तेवढीच लांब, आयपीस तेवढ्याच उंचीवर, म्हणजे पाचवीतलं पोरगंही स्टुलाशिवाय बघेल. आज घेतलेले आयपीस उद्या ८ इंचीलाही तेवढंच वर्धन देतील. तोरणमाळला, जवळपास ११५० मीटर उंचीवर, काळ्याभोर आकाशात ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ बघायचा तर ६ आणि ८ मधला फरक पहिल्या नजरेत कळतो. आपल्या अक्षांशावरून तो दक्षिणेला जेमतेम २१ अंश वर येतो, तेव्हा प्रकाश जितका जास्त तितका बरा.

पण तिकडे वर्षातून एक-दोनदाच जाणार असाल तर हा मुद्दा लंगडा पडतो, हेही कबूल. ८ इंचीची नळी १० किलोच्या आसपास आणि बैठकही जवळपास तितकीच. एसटीत किंवा मोटरसायकलवर ती जात नाही. गुरू-शनीसाठी नीट जुळवलेला एफ/८ कुठेच कमी पडणार नाही. २०२५ मध्ये अगदी आडवी, रेषेसारखी झालेली शनीची कडी आता दरवर्षी उघडत जाणार आहेत, मुलांना दाखवायला हीच वर्षं.

एक काम मात्र करू नका. ही नळी विषुववृत्तीय (ध्रुवताऱ्याकडे आस रोखून ताऱ्यांमागे फिरणाऱ्या) बैठकीवर चढवायचा मोह टाळा. सव्वा मीटरची नळी वाऱ्यात शिडासारखी हलते, त्यामुळे भारी बैठक लागते. शिवाय आपल्याकडे ध्रुवतारा २१ अंशांवर. बाहेरच्या देशांतल्या अक्षांशांसाठी बनलेल्या अनेक बैठकांचा स्क्रू तिथे टोकाला येतो आणि प्रतिभाराचा (तोलासाठीच्या वजनाचा) दांडा तिपाईच्या पायाला आपटतो.

रंधा_पटाशी
बैठकीचं सांगतो. अडून उडी मारते याचा अर्थ पॅड (ज्यांवर बैठक सरकते ते तुकडे) चुकीचे आहेत, बहुधा नायलॉनचे. खाली टेफ्लॉन आणि वर खडबडीत पोताचा सनमायका, एवढंच लागतं. गुळगुळीत सनमायका घेऊ नका, तो चिकटल्यासारखा धरतो. पॅडवर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो भार हे चांगलं माप. नळी आणि वरची पेटी मिळून १५ किलो धरली तर एकूण १५ चौ. सेंमी, म्हणजे २२ × २२ मिमीचे तीन पॅड, १२० अंशांवर, बरोबर खालच्या पायांच्या वर. पाय एकीकडे आणि पॅड दुसरीकडे असले की तळफळी लवते आणि नळी हेलकावे खाते. टेफ्लॉनला गोंद धरत नाही. दोन बारीक स्क्रू मारा आणि त्यांची डोकी पृष्ठभागाच्या खाली बुडवा.

२०२७ च्या फेब्रुवारीत गुरू प्रतियुतीला (आकाशात सूर्याच्या बरोबर समोर) असेल तेव्हा मध्यरात्री जवळपास डोक्यावर येईल. डॉब्सोनियन नेमका तिथेच आडवा फिरवायला जड जातो. पॅड नीट असतील तर निभावतं.

प्लाय फुगलेला असेल तर आयएस ७१० चा (पाणी सोसणारा मरीन प्लाय) १८ मिमी घ्या. पार्टिकल बोर्डाला एक पावसाळा पुरेसा असतो. नळीच्या आत फळ्याचा मॅट काळा रंग लावा, त्यात चाळलेला लाकडाचा भुसा कालवा. चंद्राजवळचं आकाश तेव्हाच काळं दिसेल.

तापीकाठ
आरसा वरच्या पद्धतीने धुतला. धूळ गेली, कडेचे डाग राहिले, मधला भाग धुरकट निळसर दिसतो. आरसे जुळवायला मधोमध खूण नव्हती, म्हणून वर्तुळाचा कागद चार घड्या घालून मध्य काढला आणि फाइलच्या भोकाला लावायची कागदी रिंग चिकटवली. पण काच तपासायला ताऱ्यावर चाचणी होईना. ध्रुवतारा खाली असल्याने उकळल्यासारखा थरथरतो आणि बाकीचे तारे पटकन सरकतात.

सातपुडा२१
मग तारा जमिनीवर आणा. सायकलच्या मागच्या आसातली पाव इंची गोळी काळ्या कापडावर ठेवा, अंतर ४० मीटर. तिच्यावर चमकणारा सूर्याचा ठिपका हाच तारा. सकाळी ऊन कोवळं असताना, सूर्य तुमच्या पाठीशी. जमीन तापली की सगळं नाचायला लागतं, आपल्याकडे मार्चनंतर तर आठच्या आतच उरका. जवळच्या वस्तूमुळे फोकस सुमारे ३६ मिमी बाहेर जाईल, तेवढा आयपीस बाहेर ओढावा लागेल. १५० च्या पुढे वर्धन हवं, तुमच्याकडच्या १० मिमीला २x बार्लो (वर्धन दुप्पट करणारं भिंग) लावला तरी चालेल. नळी सूर्याकडे वळणार नाही याची जबाबदारी एका माणसावर द्या.

फोकसच्या आत आणि बाहेर सारख्याच अंतरावर ठिपक्याची पसरलेली प्रकाशाची कडी बघा. दोन्हीकडे सारखी दिसली तर काच उत्तम. अंडाकृती आणि दुसऱ्या बाजूला ९० अंशांनी वळलेली असली तर दृष्टिवैषम्य (आरशाचा बाक दोन दिशांना वेगळा). आधी आरसा सेलमध्ये पाव फेरा फिरवून पुन्हा बघा, अंडं आरशाबरोबर फिरलं तरच दोष काचेचा. फोकसच्या एका बाजूला कडेची कडी केसाळ दिसली तर कड खाली वळलेली आहे. त्यावर काळ्या कागदाची गोल पट्टी लावून ५ मिमी कड झाकली की काम भागतं.

आरसा गोलीय (हवा तसा परवलयाकार नसून गोलाच्या तुकड्यासारखा) निघाला तरी रडू नका. ६ इंची एफ/८ ला गोलीय आरसासुद्धा जेमतेम पाव तरंगलांबीच्या (चालण्याजोग्या चुकीच्या) मर्यादेत बसतो. ८ इंची एफ/६ ला ही सूट नाही.

तापीकाठ
कडी दोन्हीकडे सारखी! किंचित तिकोनी होती, क्लिपा सैल केल्यावर गोल झाली.

केळीबाग
मग माझा ८ इंचीचा हट्ट मागे. भो, एवढ्या चांगल्या आरशाले भंगारात नका घालू.

सातपुडा२१
दोन्ही आरसे एकत्रच कोटिंगला पाठवा. एकच पाठवलात तर जुना आरसा नव्याची कमाई खातो. ॲल्युमिनियमवर सिलिकॉन ऑक्साइडचा संरक्षक थर मागा, त्याशिवाय दोन-तीन धुलाईत पुन्हा हाच प्रश्न. जुना थर त्यांनाच काढू द्या. कॉस्टिक सोडा काचेलाही खातो, घरी प्रयोग नको. मागचा रंग, टेप, सिलिकॉनचे डाग मात्र तुम्हीच पूर्ण काढा. निर्वात चेंबरमध्ये ते वायू सोडतात आणि थर नीट धरत नाही. मधली रिंग जाईल, तिची जागा मोजून ठेवा.

आयपीस बदला, हायगेन्स प्रदर्शनात ठेवायला बरा. ३२ मिमी प्लॉसल (३७ पट), ९ मिमी (१३३ पट) आणि जमल्यास ६ मिमी (२०० पट). एफ/८ ला स्वस्त आयपीसही चांगले चालतात. फोकसर घेताना जुन्याची बंद अवस्थेतली उंची मोजा. नवा २० मिमी उंच असेल तर आयपीस फोकसपर्यंत आत जाणार नाही आणि मुख्य आरसा तेवढाच २० मिमी वर सरकवावा लागेल. बुटका असेल तर एक्स्टेंशन नळी पुरते.

रंधा_पटाशी
काम पावसाळ्याआधी झालं तर नळी प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांधू नका, आत दमट हवा कोंडून बुरशी धरते. दोन्ही टोकांना सुती कापड, आत २०० ग्रॅम सिलिका जेल. रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरा. थंडीत केळीच्या मळ्याशेजारी लावाल तर दहाच्या सुमारास दुय्यम आरशावर दव बसतं. काळ्या चार्ट पेपरची नळी पुढे ३० सेंमी वाढवा.