आरएस २०० चा मागचा टायर: चिकट घ्यावा की टिकाऊ?

घाटवेडा:
पल्सर आरएस २०० चा मागचा टायर मधोमध सपाट झालाय, टीडब्ल्यूआयच्या (टायर झिजल्याचं दाखवणाऱ्या) खुणेला टेकला. मूळ माप १३०/७०-१७. रोज भुसावळ-जळगाव हायवे, रविवारी कन्नडचा घाट. माझं मत पक्कं आहे: सॉफ्ट कंपाउंडचा, म्हणजे नरम रबराचा स्पोर्ट टायरच, आणि तोही १४० मिमी रुंद. लवकर झिजला तर पैसे जातील, घाटात सटकला तर दात जातील.

रावेरचा केळीवाला:
काय भो, गणितच उलटं मांडलं. सहा दिवस सरळ रस्ता. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, डांबराचा तवा होतो. तिथे सॉफ्ट रबर खोडरबरासारखं झिजतं, तेही फक्त मधे. मग चौकोनी झालेला टायर रविवारी घाटात वाकवायला जाशील, तर गाडी आधी वाकायला नाही म्हणते आणि मग एकदम कलंडते. ज्या ग्रिपसाठी पैसे मोजले ती घाटात पोहोचायच्या आधीच संपलेली. मधे कडक, कडांना नरम असा ड्युअल कंपाउंड बघ.

घाटवेडा:
आणि हायवेवर कुत्रं आडवं आलं तर?

रावेरचा केळीवाला:
तेव्हा गाडी थांबवतो पुढचा टायर. ब्रेक दाबला की वजन पुढे जातं. तो कधी बदललास?

पंक्चरवाला पुतण्या:
काकाच्या दुकानात बसतो, म्हणून १४० बद्दल बोलतो. त्याच रिमवर रुंद टायर चढवला की कडा आत चिमटतात, मधला भाग फुगून वर येतो. शिवाय मापातला ७० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, त्या हिशोबाने टायरची भिंत ७ मिमी उंच होते. मागून गाडी भारी दिसते, कबूल. वळवायला मात्र जड. चेन घासत नाही ना तेही बघावं लागतं. फोटोसाठी हवा असेल तर खुशाल घाल.

लळिंगचा वाटसरू:
सॉफ्ट-हार्ड नंतर, आधी तारीख बघा रे भाऊ. मला एका दुकानात ‘नवा माल’ म्हणून टायर लावला. घरी येऊन टायरच्या भिंतीवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचले तर २२१९. म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा! पाच वर्षं रॅकवर वाळलेलं रबर. आणि पहिल्या पावसात ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेली काळी माती असली, की कुठलंच कंपाउंड कामाला येत नाही. तिथे मूठ सैल सोडायची, बस.

घाटवेडा:
१४० सोडला. ड्युअल कंपाउंडचाही विचार करतो, पण निव्वळ टिकाऊ टायर घेणार नाही. औट्रम घाटात, म्हणजे त्याच कन्नडच्या घाटात, माल ट्रकांनी सांडलेलं डिझेल एकदा पाहिलंय.

रावेरचा केळीवाला:
डिझेलवर सॉफ्टही घसरतो! बरं, पुढच्याचं उत्तर राहिलं.

घाटवेडा:
आत्ताच अंगणात टॉर्च मारून आलो. ०८१८.

पंक्चरवाला पुतण्या:
पुढचं माप १००/८०-१७. दोन्ही सोबतच घेऊन ये.