समुद्रकाठचा शेवटचा दिवस आणि वऱ्हाडापर्यंतची परतीची वाट : अनुभव धागा

मृग लागायच्या आत मे महिन्यात, नाहीतर कापूस विकून झाल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत, आपल्या भागातली बरीच कुटुंबं कोकणात जातात. कुठं राहावं, काय पाहावं हे सांगणारे भरपूर आहेत. शेवटच्या दिवसाबद्दल कोणी बोलत नाही, आणि आपल्यासाठी तोच सगळ्यात अवघड. पुण्या-मुंबईचा माणूस सकाळी समुद्रातून निघून रात्री घरी जेवतो. यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या खेड्यातल्या माणसाला सातशे-आठशे किलोमीटर कापून शेवटी एसटीनं गाव गाठायचं असतं. ओले कपडे, मासळी, आंब्याची पेटी, उन्हानं पोळलेली पाठ, सगळं चोवीस तास सोबत. म्हणून ज्यांना यातलं नीट कळतं त्यांनी इथं लिहावं ही विनंती. ‘आम्ही गेलो, मजा आली’ नको. काय करायचं, किती, कधी आणि का, एवढंच.

सुरुवात मी शेवटच्या आंघोळीपासून करतो. निघायच्या सकाळी घाईघाईत पाण्यात उतरणं सगळ्यात धोक्याचं, कारण त्या दिवशी आपण भरती-ओहोटी न पाहता आपल्या सोयीनं जातो. घरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता कोकण किनाऱ्यावर पूर्ण भरती. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला साडेअकरा-बारा. अर्धा-पाऊण तास मागंपुढं. त्यानंतर सहा तास पाणी उतरत जातं आणि भरतीची वेळ रोज पन्नासएक मिनिटं पुढं सरकते. म्हणजे अष्टमीच्या आसपास सकाळी सात ते नऊ पाणी आत ओढत असतं, तेव्हा गुडघ्याच्या वर जाऊ नये. पौर्णिमेच्या आसपास तीच वेळ चढत्या पाण्याची असते, पण उधाणाच्या लाटा मोठ्या. खाडीच्या मुखाशी कधीच उतरू नका. ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये, दम संपतो. अंग सैल सोडून तरंगायचं आणि किनाऱ्याला समांतर, आडवं सरकत बाहेर पडायचं.

दर्यापूरहून, घर सांभाळणाऱ्या ताई

कपड्याचं मी सांगतो. समुद्राचे कपडे तसेच वायवले तं कधीच वायत नाई, कावून का मीठ हवेतलं पानी ओढते. रात्री वायलेले वाटते, सकायी पुन्हा वल्ले. म्हनून गोड्या पान्यात दोनदा खंगायाचे. मंग कोरड्या टावेलात गुंडाळून पिळाचे, निम्मं पानी टावेल घेते. पंख्याखाली टाकाचे. रेती वल्ली असतानी झटकाची नाई, चिपकते. कपडा वायला का एका झटक्यात पडते. तरीबी वल्ले राह्यलेच तं पलाष्टिकच्या पन्नीत गाठ मारून ठेवाचे नाई. उन्हायात डिक्कीत एका दिवसात बुरशी चढते, तिचे डाग मंग निघत नाई. कांद्याची जाळीदार बोरी सोबत न्याची, वल्ले कपडे त्यात. आन घरी आल्यावर मशीनीत टाकाच्या आंधी बाहेर आंगनात खिसे उलटे करून झटकाचे, रेती जाळीत बसली का मशीन पानी फेकत नाई.

बॅगच्या चेनीत रेती अडकली तं ओढाची नाई. पानी मारून धुवाची, वायल्यावर मेनबत्ती घासाची.

लेकराच्या पायाची रेती पुसून निघत नसली तं अंगाची पावडर लावा, पाय कोरडे होते आन रेती आपोआप झडते.

पुसदहून

खोली सोडायची वेळ बहुतेक ठिकाणी दहा-अकराची आणि गाडी रात्रीची. आदल्या दिवशीच मालकाशी बोलून पूर्ण गटासाठी एकच खोली संध्याकाळपर्यंत ठेवून घ्या, सामान आणि आंघोळीपुरती. निघायच्या दिवशी दारात उभं राहून मागितली तर पुढचे पाहुणे आलेले असतात. मे महिन्यात तिकडच्या विहिरी तळाला गेलेल्या असतात. पाय अंगणातल्या नळावर धुवा, न्हाणीत वाळू नेली की मोरी तुंबते.

कारंजा (लाड) हून, प्रवासी गाडी चालवणारे

रस्त्याचं आधी ठरवा, कारण वाटा दोन आहेत आणि चुकीची धरली तर पाच-सहा तास जातात.

अलिबाग, मुरुड-जंजिरा, श्रीवर्धन या भागातून येत असाल तर पनवेल, कल्याण फाटा करून भिवंडीजवळच्या आमण्याला समृद्धी महामार्ग पकडा. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून नागपूरपर्यंतचे ७०१ किलोमीटर सलग आहेत. कसाऱ्याचा घाट टळतो, जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून इगतपुरीला निघता. वेळ जातो तो पनवेल ते भिवंडी या पट्ट्यात. तिथून सकाळी साडेसहाच्या आत पार व्हा, म्हणजे अलिबागहून पहाटे साडेतीन-चारला आणि मुरुड-श्रीवर्धनहून त्याच्याही आधी निघावं लागेल. ते जमत नसेल तर दुपारी निघून शिर्डीला किंवा संभाजीनगरला मुक्काम करा.

गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवणकडून येणाऱ्यानं मुंबईकडे तोंडच करू नये. आंबा घाट चढून कोल्हापूर, मग सांगली-मिरज, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ. मालवणहून गगनबावड्याच्या किंवा फोंड्याच्या घाटानं कोल्हापूरला येता येतं; गुहागरवाल्यांनी कुंभार्ली घाटानं कराड. पावसाळ्यात घाट सुरू आहे का हे आदल्या संध्याकाळी विचारून घ्या. ही वाट एका दमात करायची नाही, सोलापूर किंवा तुळजापूरला रात्र काढा.

आता टायर. समृद्धीवर बऱ्याचदा दगा तिथंच होतो. रस्ता काँक्रीटचा, मेमध्ये तापलेला, कारला वेगमर्यादा १२०. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते-उठते, त्या घुसळणीनं आतून तापत जाते आणि फुटते. हवा भरायचा आकडा चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो. त्यात दोन रकाने असतात : दोन-तीन माणसांसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी एक. परतीच्या वेळी डिक्कीत नारळ, आंबे, मासळीचा डबा, म्हणजे दुसरा रकाना. जाताना भरलेल्या हवेवर परत यायचं नाही. मोजायची ती सकाळी, गाडी थंड असताना. वाटेत गरम टायरचा आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका, ती थंड झाल्यावर कमी पडते. टायरच्या बाजूला शेवटचे चार अंक असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहा वर्षांवरचा टायर घेऊन या रस्त्यावर उतरू नका.

पेट्रोल पंप लांब-लांब आहेत, अर्ध्या टाकीच्या खाली काटा गेला की पहिल्या पंपावर भरून घ्या. सरळ रस्त्यानं डोळे उघडे राहून डोकं झोपतं, दर दोन तासांनी उतरून चाला. झोप आलीच तर चहानं भागत नाही. गाडी सुविधा केंद्रात लावून वीस मिनिटं पाठ टेका. महामार्गाच्या कडेला थांबायचं नाही.

आणि एक. मेहकर, शेलूबाजार, कारंजा, धामणगाव, कुठंही उतरा, खरा धोका उतरल्यावरच्या शेवटच्या तीस किलोमीटरला आहे. दिवसभर १२०नं आलेल्या चालकाला ८० म्हणजे हळू वाटतं आणि रात्री वावरातून रोही (नीलगाय) नाहीतर रानडुक्कर सरळ पुढ्यात येतं. रोही एक दिसला की मागं आणखी असतात. साठाच्या वर नको.

मूर्तिजापूरहून, मासळीच्या धंद्यातले

सगळ्यांना ताजी मासळी घरी न्यायची असते. जमतं, पण नियमानं.

जाड थर्माकोलचा डबा घ्या. एक किलो मासळीला निदान एक किलो बर्फ, उन्हाळ्यात दीड. मासळी बंदरावरच साफ करून घ्या, पोट आणि कल्ले काढलेच पाहिजेत, कारण सडायला सुरुवात तिथून होते. डब्याच्या तळाशी एका कोपऱ्यात बोटभर भोक पाडून डबा त्या बाजूला जरा कलता ठेवा आणि खाली घमेलं ठेवा. वितळलेल्या पाण्यात मासळी बुडून राहिली की बर्फ असूनही खराब होते, बहुतेकांचं इथंच चुकतं. थर लावताना तळाला बर्फाचा चुरा, मग मासळी पोट खाली करून, पुन्हा चुरा. मोठे खडे टाकू नका, मधे हवा राहते. झाकणाला चिकटपट्टी. दहा-बारा तासांनी पाणी गेलं तेवढा बर्फ वर भरायचा, सोलापूर किंवा संभाजीनगरसारख्या मोठ्या शहरात सहज मिळतो.

पापलेट असं एक दिवस टिकतं. बांगडा, कुपा, सुरमई यांना गर्मी लागली तर मासात असा पदार्थ तयार होतो की खाल्ल्यावर तोंड लाल, अंगाला खाज, डोकं ठणकतं, आणि तो शिजवून किंवा तळून जात नाही. वास येईलच असंही नाही. त्यामुळं वाटेत बर्फ संपलेला आढळला तर त्या मासळीचा मोह सोडा. तिसऱ्या (शिंपल्या) आणि खेकडे तर नेऊच नका. वाटेत मेले की खाण्यालायक राहत नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या काळात ‘आजची’ म्हणून मिळणारी मोठी मासळी बहुधा साठवणीतली.

माझं विचाराल तर आपल्या अंतराला सुकी मासळीच बरी. बोंबील वाकवून पाहा : कडकन मोडला पाहिजे, लवला तर आत ओल आहे. सोडे आणि जवळा मुठीत दाबून सोडा, गोळा राहिला तर घेऊ नका. खारवलेल्या माशावर गुलाबी झाक म्हणजे खराब माल. घरी आल्यावर खाटेवर पसरून, वरून जाळी टाकून, आपल्या उन्हात दोन दिवस. मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात.

वरुडहून, संत्र्याचे बागायतदार

भाऊ, मासळी आणि आंबे एका डिक्कीत ठेवू नका एवढं जोडतो. आंबा वास धरतो.

हापूस घ्यायचा तो झाडावर तयार झालेला पण कडक. पिकलेला आंबा आपल्या ४४-४५ अंशात घरी पोचेपर्यंत आंबून जातो. बंद डिक्कीत पेटी नकोच, एसी चालतो त्या मागच्या सीटच्या पायाशी ठेवा. घरी सगळ्यात थंड खोलीत जमिनीवर तणसाची आढी, एकच थर, देठ वर. अति गरम खोलीत आंबा वरून मऊ आणि आतून आंबट राहतो. रोज हात फिरवून मऊ झालेला काढून घ्या. एखाद्यात आत पांढरट, स्पंजासारखा साका निघेल. तो बाहेरून ओळखता येत नाही, विकणाऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही.

कोकमाचा आगळ मिठामुळं टिकतो. घरगुती कोकम सरबताच्या बाटल्या मात्र गरम गाडीत फसफसतात, दोन बोटं रिकाम्या ठेवा आणि उभ्या न्या. दोन्ही पितळी-ॲल्युमिनियमच्या भांड्यात ओतायचे नाहीत.

धामणगाव रेल्वेहून

कोकणातून दिवसा निघणाऱ्या गाड्या मुंबईला रात्री पोचतात, तोवर विदर्भाकडच्या संध्याकाळच्या गाड्या निघून गेलेल्या असतात. म्हणून रात्रीची तुतारी किंवा कोकणकन्या धरून सकाळी मुंबईत या आणि तिथून दुपारची सेवाग्राम, नाहीतर संध्याकाळची विदर्भ किंवा अमरावती एक्सप्रेस पकडा. नागपूर-मडगाव विशेष गाडी बडनेरा-अकोल्यावरून थेट जाते, गाडी बदलावी लागत नाही. पण ती रोज नाही आणि तिची मुदत वाढवत नेतात, तेव्हा आधी तारीख पाहा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. परतीचं तिकीट जातानाच्या तिकिटाच्या आधी पाहावं असं माझं मत. दोन गाड्यांची तिकिटं काढताना दोन्ही पीएनआर जोडून घ्या. पहिली उशिरा येऊन दुसरी चुकली तर नियमानं परतावा मागता येतो. जोडले नसतील तर नाही.

बडनेरा, धामणगाव पहाटे येतात. १३९ वर स्थानक येण्याआधीचा गजर लावता येतो, तो लावाच. आणि गावच्या एसटीची चौकशी निघायच्या आधी आगारात करा. शाळेला सुट्टी लागली की विद्यार्थ्यांसाठीच्या सकाळच्या बऱ्याच फेऱ्या बंद असतात, रविवारीही. महिलांना अर्धं तिकीट आहेच. ज्येष्ठांची सवलत हवी तर वयाचा पुरावा वरच्या खिशात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

आर्णीहून, परिचारिका

पोळलेल्या कातडीवर बर्फ, तेल, टूथपेस्ट काही लावू नका. गार पाण्याच्या ओल्या फडक्यानं दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाचदा, मग कोरफडीचा गर. फोड फोडायचे नाहीत. काचेतून ऊन येतं त्या बाजूला सुती ओढणी बांधा. अंगावर मोठे फोड, ताप, थंडी वाजणं असेल तर प्रवास पुढं ढकलून डॉक्टरांना दाखवा.

घाटात उलटी होणाऱ्याला डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घाट लागायच्या अर्धा-एक तास आधी द्यायची, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. चालवणाऱ्यानं ती घेऊ नये, झोप येते. निघताना मिसळ-वडे नको. पेज किंवा कोरडी पोळी, पाणी घोट-घोट. कानात पाणी गेलं तर मान कलती करून कानाची पाळी हलवा. काडी आणि तेल दोन्ही नको.

मंगरुळपीरहून, गॅरेजवाले

वाळूवर गाडी नेली असो वा नसो, किनाऱ्यावर चार दिवस उभी होती म्हणजे खारं वारं खाली बसलेलं आहे. घरी आल्यावर दोन दिवसांत रॅम्पवर चढवून नुसत्या गोड्या पाण्याच्या जोराच्या फवाऱ्यानं खालून धुवा : चाकांच्या कमानी, ब्रेक, सायलेन्सरचे क्लॅम्प. आधी तेल फवारून घेऊ नका, मीठ तेलाखाली अडकतं. धुतल्यावर ब्रेक मारत दहा मिनिटं चालवा म्हणजे डिस्क कोरड्या होतात. पायपुसणी काढून खालचा गालिचा हाताला ओला लागतो का पाहा, लागला तर दारं उघडी टाकून उन्हात वाळवा.

बाभूळगावहून, वहिनी

कोणी कूलरचं लिहिलं नाही म्हणून लिहिते. आठ-दहा दिवस तुंबलेलं पाणी म्हणजे डासांच्या अंड्यांपासून उडत्या डासापर्यंत पुरेसा वेळ. निघतानाच टाकी पूर्ण रिकामी करून पुसून ठेवायची. राहिलं असेल तर आल्याबरोबर कूलर सुरू करू नका. पाणी बाहेर कोरड्या जमिनीवर ओता, नाल्यात नको. टाकीच्या कडा घासणीनं घासा, अंडी कडेलाच चिकटलेली असतात आणि कोरडीही टिकतात. वाळ्याच्या ताट्या एक तास उन्हात. रांजण आणि माठही तसेच. शेजारी किल्ली असेल तर आदल्या संध्याकाळी त्यांना पाणी भरून ठेवायला सांगा, बऱ्याच गावांत नळ एक दिवसाआड येतो आणि नेमके आपण पोचतो तो दिवस कोरडा असतो. अंधारात पोचलात तर आधी बॅटरी घेऊन उंबरठा, न्हाणी आणि गाद्यांच्या घड्या पाहायच्या, विंचू थंड जागा धरून बसलेला असतो. मग लेकरांना आत घ्यायचं.