‘विच हंट’ला मराठीत काय म्हणाल?

शाहूपुरीकर: मंडळी, एक अडलंय. आमच्या चर्चच्या मासिकाला सेलमवर लेख दिला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं हे गाव, तिथं 1692 साली चेटूक केल्याच्या आळावरून लोकांवर खटले चालले. ‘विच हंट’ला मी ‘चेटकीण-शोध’ लिहिलं. संपादकांनी खोडून ‘सूडसत्र’ केलं. आता सूड उगवायला आधी कुणी काही केलेलं लागतं. इथं तर काहीच नव्हतं. 19 जणांना फाशी दिलं (जाळलं नाही, आपल्याकडे सगळे जाळलंच समजतात), त्यांत पाच पुरुष. ज्यांनी गुन्हा कबूल केला ते वाचले, ‘मी नाही’ म्हणणारे लटकले. जॉर्ज बरोज तर तिथलेच माजी पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. फासाखाली उभं राहून त्यांनी प्रभूची प्रार्थना न चुकता म्हटली. चेटक्याला ती धड म्हणता येत नाही अशी तिथली समजूत. तरी लटकवलंच. याला सूड म्हणायचं?

जुना प्रूफरीडर: ‘शोध’ ठीक आहे. मधली आडवी रेघ काढा. ‘चेटकीणशोध’.

बावड्याची आक्का: आमच्यात चेटकीण फक्त गोष्टीत. खरा आळ घ्यायचा तर ‘करणी’. आमच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या एक काकी होत्या. शेजारची म्हैस आटली की नाव यांचंच. एकदा त्यांच्या उंबऱ्यावर टाचण्या टोचलेलं लिंबू बघितलंय मी. कुणी तोंडावर काही बोललं नाही. ‘त्या घरातनं ताक आणू नगं’, एवढंच आम्हा पोरींना सांगायचे.

सातपुड्यातला: मी नंदुरबारकडे नोकरी केली. तिकडं शब्द ‘डाकीण’. आणि डाकीण ‘ठरवतात’. शोधायचं काय त्यात, बाई आधीच ठरलेली असते. आक्का, दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली जादूटोण्याविरुद्ध जो कायदा आला, त्यात मंत्रतंत्रानं जनावराचं दूध आटवल्याचा आळ घेणंसुद्धा गुन्हा आहे. तुमची म्हैस थेट कायद्यात!

जुना प्रूफरीडर: ‘चेट’ म्हणजे दास. भुताला दास करून राबवायचं ते चेटूक, अशी माझी अटकळ.

सातपुड्यातला: अटकळच ती.

नादखुळा: भावांनो, ‘विच हंट’च लिवा की! टीव्हीवर रोज ऐकतोय. पुढाऱ्याला नोटीस आली की विच हंट.

शाहूपुरीकर: तेच डोक्यात जातं. ट्रम्प असोत की आपल्याकडचे, दाराशी वकिलांची रांग आणि म्हणे विच हंट. सेलमच्या आरोपींना वकीलच नव्हता. चौकशी सूडबुद्धीची असू शकते, नाही म्हणत नाही. पण शब्द तरी दुसरा घ्या.
आणि ख्रिस्ती म्हणून मला हा शब्द गुळगुळीत करायचा नाही. बायबलात निर्गम 22:18 मध्ये ‘चेटकीण’ आहे, तिला जिवंत ठेवू नये म्हणून. त्याच वचनाच्या जोरावर आमच्या लोकांनी हे केलं. थांबवू पाहणारेही आमचेच. फ्रीडरिख श्पे हा जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघातला धर्मगुरू. त्यानं 1631 साली नाव न घालता पुस्तक छापलं: छळ केला तर कुणीही चेटकीण असल्याचं कबूल करेल. सेलमचा एक न्यायाधीश, सॅम्युअल सीवॉल, 1697 साली भर चर्चमध्ये उभा राहिला आणि त्याची माफी पाळकांनी वाचून दाखवली. आपल्या चॅनेलवाल्यांनी आळ घेऊन नंतर अशी माफी मागितलेली कुणी बघितलीय?

बावड्याची आक्का: मग ‘बळीचा बकरा’ चालेल का?

शाहूपुरीकर: आक्का, तो बायबलातला निराळा. लेवीय 16 मध्ये दोन बोकड आहेत. एकाचा बळी देतात, दुसऱ्यावर लोकांची पापं घालून त्याला रानात सोडतात. मराठीत दोघांची खिचडी झालीय.

नादखुळा: सोडत्यात? कोल्हापुरात न्हाई सुटत.

जुना प्रूफरीडर: सगळं राहू द्या. वर ‘19 जणांना फाशी दिलं’ असं आहे. फाशी स्त्रीलिंगी. ‘फाशी दिली’ हवं.

बावड्याची आक्का: आम्ही ‘फाशी दिलं’च म्हणतो.

सातपुड्यातला: बरोबरच आहे. ‘सुळी दिलं’ तसं ‘फाशी दिलं’. ही सप्तमी आहे, फासावर दिलं.

जुना प्रूफरीडर: मग ‘फाशीची शिक्षा’ कशी म्हणता? सप्तमीला षष्ठी लावता काय?

सातपुड्यातला: ‘घरी’ सप्तमीच ना? मग ‘घरीचा’ कसं चालतं?

जुना प्रूफरीडर: कुठं चालतं? ‘घरचा’ चालतं.