जेईईसाठी ड्रॉप: कॅपची सीट सोडावी की धरून ठेवावी? मदत हवी आहे

भाचीची बारावी यंदा झाली (महाराष्ट्र बोर्ड, ८१ टक्के). जेईई मेन ९६ पर्सेंटाइल, खुला प्रवर्ग. अ‍ॅडव्हान्स्ड (मेननंतरची आयआयटीसाठीची परीक्षा) दिली, रँक लागली नाही. राज्याच्या सीईटीवर, कॅपमधून (राज्याची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया), पुण्यातल्या एका खाजगी कॉलेजात मेकॅनिकल मिळतंय. तिला ड्रॉप घेऊन (वर्षभर थांबून तयारी करून) आयआयटी, नाहीतर पुण्या-मुंबईतल्या सीओईपी-व्हीजेटीआयसाठी पुन्हा प्रयत्न करायचाय. घरात दोन तट पडलेत. प्रयत्न किती उरतात? आणि ही सीट घेतली तर पुढच्या वर्षी आडवी येते का?

गणितवेडा
अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते आणि ती वर्षं पहिल्यांदा बारावीला बसल्यापासून मोजतात. म्हणजे तिच्याकडे एकच संधी उरली. श्रेणीसुधारला (गुण वाढवायला पुन्हा बारावीला) बसून हे घड्याळ मागे जात नाही. मेन तीन वर्षं देता येते. सीईटीला अशी मर्यादा नाही. बिट्सॅट (बिट्स पिलानीची प्रवेश परीक्षा) बारावीच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी, तेव्हा गोवा कॅम्पससुद्धा यादीत ठेवा.

कॅपची सीट आडवी येत नाही. आडवी येते ती आयआयटीची: एकदा तिथे प्रवेश घेतला की पुन्हा अ‍ॅडव्हान्स्ड नाही.

आता पर्सेंटाइलचं. २०२५ ला मेन देणारे १४.७५ लाखांच्या घरात होते. ९६ म्हणजे वरचे चार टक्के, रँक ५९ हजारांच्या आसपास. ९९ ला ती पंधरा हजारांखाली येते. ‘तीनच पर्सेंटाइल तर वाढवायचेत’ असं घरात कोणी म्हणालं, तर हा हिशोब पुढ्यात ठेवा.

प्रश्नकर्ती
मग सीट घेऊन कॉलेज करता करता पुन्हा द्यावी का?

चुकांची_वही
पहिल्या सत्राची परीक्षा साधारण डिसेंबर-जानेवारीत आणि मेनचं पहिलं सत्र जानेवारीच्या शेवटी. वर हजेरी, जर्नल, सबमिशन. आयआयटीच हवी असेल तर हे झेपणं कठीण. फक्त सीईटी सुधारायची असेल तर जमू शकतं.

ड्रॉपचं ‘वर्ष’ जूनपासून धरलं तर जानेवारीपर्यंत सातच महिने भरतात. बहुतेकजण ऑक्टोबरपर्यंत सगळा सिलॅबस पहिल्यापासून ऐकत बसतात आणि सराव राहून जातो. आधी यंदाचे दोन्ही पेपर काढा. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: संकल्पनाच माहीत नव्हती, आकडेमोड चुकली, की वेळ पुरला नाही. पहिल्या प्रकारच्या चुका निम्म्याहून जास्त निघाल्या तरच पुन्हा क्लास लावायला अर्थ आहे. उरलेल्या दोन्हींवर उपाय एकच, घड्याळ लावून पेपर. ऑक्टोबरपासून आठवड्याला एक, खऱ्या परीक्षेच्या वेळेत (९ ते १२ किंवा ३ ते ६). अ‍ॅडव्हान्स्डचे दोन पेपर एकाच दिवशी असतात, म्हणून मार्चनंतर दोन्ही एकाच दिवशी सोडवायचे. दुसऱ्या पेपरला डोकं चालेनासं होतं, त्याचीच तर सवय करायची.

सीईटी वेगळी. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, भौतिक-रसायनचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जेईईची मुलं इथे प्रत्येक प्रश्न तळापर्यंत विचार करून सोडवतात आणि वेळ संपतो.

दाखला_घ्या
सीट घेऊन रद्द करायची झाली तर जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या आत ऑनलाइन रद्द करा. १००० रुपये कापून फी परत मिळते, तारीख उलटली की फी गेली. कॉलेजकडे दिलेला मूळ शाळा सोडल्याचा दाखला मागून घ्या, पुढच्या कॅपला लागेल. गॅपचं प्रतिज्ञापत्रही लागतं.

ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) असेल तर जोसासाठी (आयआयटी-एनआयटीचं जागावाटप) केंद्राच्या नमुन्यातलं आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचं प्रमाणपत्र हवं. जूनमध्ये सेतूवर रांगा असतात, एप्रिलमध्येच अर्ज टाका.

आणि बातमीवर विसंबून कॉलेज सोडू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये अ‍ॅडव्हान्स्डचे तीन प्रयत्न जाहीर झाले आणि दोन आठवड्यांत पुन्हा दोनवर आले. मधल्या काळात कॉलेज सोडलेल्यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं.

प्रश्नकर्ती
दाखल्याचं लक्षातच नव्हतं. उद्या आधी दोन्ही पेपर काढून बसवते तिला.