टायर रुंद केला की पकड वाढतेच का? (गाडी: फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय)

ताम्हिणीकर: कालच्या धाग्यात एकाने ठासून लिहिलंय की जीटीला 185 चे टायर पुरत नाहीत, 205/55 आर 16 (रुंदी 205 मिमी, बाजूची उंची रुंदीच्या 55 टक्के, रिम 16 इंची) टाका, पकड वाढलीच समजा. आणि सगळे माना डोलावतायत. अहो, आधी व्यास तरी मोजा! 185/60 आर 15 चा 603 मिमी, 205/55 आर 16 चा 632. चाक जवळपास 5 टक्क्यांनी मोठं झालं, म्हणजे गिअरिंग तेवढंच लांबलं (इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर कापते), पिकअप गेला. शिवाय हवेचा दाब तोच असेल तर रस्त्यावर टेकणारा ठसा क्षेत्रफळाने साधारण तेवढाच राहतो, फक्त रुंद आणि आखूड होतो. सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये चाक जागेवर फिरतं ते रबर कडक म्हणून. मी 185 च ठेवले, फक्त मऊ रबराचे घेतले. फिरणं जवळजवळ थांबलं.

कोल्हापुरी टर्बो: 'ठसा तेवढाच' हे ऐकून कान किटले. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हा शाळेतला नियम रबराला लावू नका. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर भार वाढला की रबराचा घर्षणांक उतरतो. रुंद टायरवर वळणात भार नीट पसरतो. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत 2017 मध्ये मागचे टायर 325 वरून 405 मिमी केले ते काय शोभेला? माझ्या गाडीला 205/50 आर 16 आहेत, व्यास 611. करूळ घाटात पूर्वी ज्या वळणांवर पुढचं तोंड बाहेर जायचं, तिथे आता स्टिअरिंग वळवलं की गाडी वळते.

ताम्हिणीकर: 2017 मध्ये त्या गाड्यांचे पंखही (वाऱ्याच्या जोरावर गाडी रस्त्यावर दाबणारे) मोठे केले होते, ते का गाळता? आणि त्यांना पाऊस आला की टायर बदलता येतात. गेल्या जुलैत मित्राच्या 205 वाल्या गाडीत होतो, पनवेलच्या अलीकडे रस्त्यावर पाणी साचलेलं. ताशी नव्वदला स्टिअरिंग एकदम हलकं झालं, लोण्यात फिरवल्यासारखं. दोघांच्याही तोंडून शब्द फुटला नाही. नासाचं सूत्र आहेच: टायरमधल्या हवेचा दाब पीएसआयमध्ये (पंपावर सांगतात तो आकडा) घ्या, त्याचं वर्गमूळ गुणिले 9, तेवढ्या नॉटला (1 नॉट म्हणजे ताशी 1.85 किमी) टायर पाण्यावर तरंगतो. 33 पीएसआयला साधारण ताशी 96 किमी.

कोल्हापुरी टर्बो: तुमच्याच सूत्रात रुंदी कुठाय? दाखवा!

टायरवाल्याचा मुलगा: दोघांनी थांबा. मित्राच्या गाडीत हवा किती होती ते विचारलंत? रुंद, बुटके टायर टाकले की खड्डे कमरेला लागतात, मग लोक हवा उतरवतात. 28 वर त्याच सूत्राने 88 किमी येतात. आमच्या दुकानात रोज बघतो, खोबणीत काडेपेटीची काडी बुडत नाही इतका गोटा टायर, आणि मालक विचारतो, 'नायट्रोजन भरू का?'

नाशिक_एक्सप्रेस: नायट्रोजनचा विषय काढलातच तर बोलतो. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. मला एका दुकानात चार चाकांचे दोनशे लावले आणि वर सांगितलं, महिनाभर हवा बघूच नका. तिसऱ्या आठवड्यात मागचं चाक 22 वर!

टायरवाल्याचा मुलगा: तो पंक्चरचा दोष, नायट्रोजनचा नाही. त्यात ओलावा नसतो, दाब सावकाश उतरतो.

नाशिक_एक्सप्रेस: सावकाश म्हणजे किती? हवा मोजायचा गेज माझ्या डिकीत असतो. दर रविवारी गार टायरवर मोजतो, साध्या हवेत महिन्याला फार तर एक-दोन पीएसआय जातात. त्यासाठी पैसे द्यायचे?

टायरवाल्याचा मुलगा: तुमच्यासारखं दर रविवारी मोजणारा असेल तर नका देऊ. पण असा माणूस आमच्याकडे येतच नाही.

कोल्हापुरी टर्बो: इथे टायरच्या रुंदीचं चाललं होतं.

ताम्हिणीकर: रुंदी सूत्रात नाही, हे मान्य. पण रुंद आणि आखूड ठशाला पाणी बाजूला सारायला वेळ कमी मिळतो, म्हणून खोबणी खोल हवी. आणि मित्राला आत्ताच फोन केला. हवा 27 होती, टायर साडेचार वर्षांचे.

कोल्हापुरी टर्बो: म्हणजे 205 चा दोष नव्हता.

ताम्हिणीकर: पूर्ण नव्हता. 205/50 ला माझा विरोध नाही, कोरड्या घाटात तो भारीच असणार. 205/55 आर 16 ला मात्र आहे आणि राहील. तुमची खोबणी किती उरलीय?

कोल्हापुरी टर्बो: मोजली नाही. उद्या मोजतो.