मदत हवी: गेम डी ड्राईव्हला टाकला तरी सी भरलेलाच, आता प्रोफाईल पण गेलं

कृष्णाकाठचा_ड्रायव्हर: सी ला २ जीबी राहिलेले फक्त. काल स्टीम ॲपमधनं गेम डी ला मूव्ह केला, दोन तास गेले, तरी सी भरलेलाच. मग बाकीचा फोल्डर सापडला तो कट करून डी ला टाकला तर आता गेम म्हणतोय नवीन ड्रायव्हर बनवा. दोन वर्षांचं प्रोफाईल आहे ओ माझं, १४ ट्रक, सगळी गॅरेजं. रात्री ९ ला पोरांबरोबर कॉन्व्हॉय आहे, ऑनलाईन एकत्र ट्रक चालवायचेत, लवकर सांगा.

मिरज_जंक्शन: कुठला गेम? कुठला फोल्डर?

कृष्णाकाठचा_ड्रायव्हर: युरो ट्रक २, दुसरा कुठला असणार. फोल्डर डॉक्युमेंट्समधला.

हळदपेठ: भावा एसएसडी घे एक. मी ५०० जीबीची टाकली, विषय संपला.

कृष्णाकाठचा_ड्रायव्हर: आत्ता पैसे नाहीत, घरचा पीसी आहे. एकच २५६ ची एसएसडी सी ला, डी ला जुनी १ टीबी हार्डडिस्क.

विश्रामबागकर: डिस्क मॅनेजमेंटमधनं डी श्रिंक करून सी वाढव की.

मिरज_जंक्शन: दोन वेगळ्या डिस्क आहेत म्हणतोय तो, नीट वाचा तरी. आणि एकाच डिस्कवर असत्या तरी मोकळी जागा डी च्या मागं पडते, सी ला ती चिकटत नाही, एक्स्टेंडचं बटण दाबताच येत नाही. उगं पोराचा डेटा घालवाल. @ड्रायव्हर, स्टीम क्लाऊड, म्हणजे नेटवरची कॉपी, चालू होतं का प्रोफाईलला?

कृष्णाकाठचा_ड्रायव्हर: नाही, मोबाईलच्या नेटवर चालतंय आमचं, बंद ठेवलेलं.

वाळवा_रोडलाईन्स: ग्राफिक्समध्ये स्केलिंग १०० वर आण, आरशाची क्वालिटी कमी कर, मस्त चालेल.

मिरज_जंक्शन: जागेचं विचारतोय ओ तो. ऐक ड्रायव्हर, प्रोफाईल गेलेलं नाही, डी लाच आहे. स्टीमचं मूव्ह फक्त गेमच्या मूळ फाईली हलवतं, तुझे सेव्ह आणि मॉड (गेमला वरनं जोडलेल्या फाईली) डॉक्युमेंट्समध्ये राहतात. तो फोल्डर तू उचललास, गेमला तिथं काय दिसलं नाही म्हणून त्यानं नवा कोरा फोल्डर बनवला. मॉड किती जीबी आहेत?

कृष्णाकाठचा_ड्रायव्हर: ३४! रस्ते, बस, सगळं.

मिरज_जंक्शन: मग तेच. गेम बंद कर. मॉडचा फोल्डर डी लाच ठेव, बाकी सगळं परत सी च्या जागेवर टाक, बदलू का विचारलं तर हो म्हण. सेव्ह फार जागा खात नाहीत.

तासगाव_द्राक्ष: एवढं कशाला, स्टीममध्ये गेमच्या लाँच ऑप्शनला होमडीर लिहून डी चा पत्ता द्यायचा, आधी एक डॅश. मी तसंच करतोय.

मिरज_जंक्शन: मग सेव्ह पण डी ला जातात की. त्याची हार्डडिस्क जुनी आहे, उद्या बसली तर? मॉड परत उतरवता येतील, दोन वर्षांचं प्रोफाईल नाही. ड्रायव्हर, त्यापेक्षा एमकेलिंक स्लॅश जे ही कमांड बरी, फोल्डर डी लाच राहतो पण गेमला सी वर दिसतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी सी चा मॉडचा पत्ता, मग डी चा, दोन्ही अवतरणात. सी ला नवा रिकामा मॉड फोल्डर झालेला असेल तो आधी डिलीट कर, नाहीतर फाईल आधीच आहे म्हणून एरर येते.

हळदपेठ: आणि यापुढं कट नको, कॉपी कर, बघून मग डिलीट. २०१९ च्या पुरात आमचा पीसी पाण्यात गेला, लग्नाचे फोटो एकाच डिस्कवर होते. तेव्हापासनं मी एक कॉपी मिरजेला बहिणीकडं ठेवतोय.

विश्रामबागकर: आमच्यात पण तेच झालं. सांगलीत गावभागात का तुम्ही?

हळदपेठ: व्हय, पाणी पहिल्या मजल्यापर्यंत.

कृष्णाकाठचा_ड्रायव्हर: आलं!!! प्रोफाईल आलं, १४ ट्रक आहेत. आधी एरर आली, पत्ते उलटे लिहिलेले, मग झालं. सी ला ३६ जीबी मोकळे. मॉड लोड व्हायला जरा वेळ लागतोय पण चालतंय. मिरजवाले दादा लई उपकार. आता प्रोफाईलची कॉपी पेनड्राईव्हला घेतोय.

वाळवा_रोडलाईन्स: आरशाचं पण बघ की एकदा.