मदत हवी आहे : कर्नाटक अभ्यासक्रमाच्या मराठी माध्यमासाठी ऑनलाइन साहित्य

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या जांबोटी भागात मराठी माध्यमाच्या आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवतो. आमची पाठ्यपुस्तके कर्नाटक राज्य अभ्यासक्रमाची असल्यामुळे बालभारतीच्या संकेतस्थळावरील ई-पुस्तके भाषेच्या दृष्टीने सोयीची असली, तरी पाठांचा क्रम आणि काही वेळा पारिभाषिक संज्ञाही जुळत नाहीत, आणि एसएसएलसी (कर्नाटकातील दहावीच्या) परीक्षेच्या तोंडावर मुलांचा त्यामुळे गोंधळ उडतो.

कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशन मात्र फार उपयोगी पडली. ती मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. बॅटरी, तारा आणि बल्ब पडद्यावर जोडताना एखादी तार सुटली की दिवा विझतो, हे मुले स्वतः करून पाहतात. पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असल्याने अशाच साहित्याची खरी गरज आहे.

पालकांची अडचण वेगळीच आहे. मुलांच्या कन्नड विषयात घरी मदत करणे त्यांना जमत नाही. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी आणि कन्नड गोष्टी मोफत मिळतात; परंतु मराठीतून कन्नड लिपी आणि प्राथमिक व्याकरण समजावणारे, आवाजासह असलेले साहित्य कोणाच्या माहितीत आहे काय? तसेच 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावर कर्नाटकच्या मराठी माध्यमासाठीचे विज्ञानाचे पाठ निपाणी किंवा बेळगावच्या कोणी शिक्षकांनी वापरले असल्यास, ते नेमके कसे शोधावेत हे कृपया कळवावे.